परतीचा दिवस कोणाचा?

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. मी, माझे निवृत्त शिक्षक यजमान, ७९ वर्षांच्या सासूबाई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी असे चौघे जण महिनाभरासाठी सिंगापूरला मुलाकडे आलो आहोत. मुलगा सहा वर्षांपासून इथे संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. सूनबाईही नोकरी करते आणि साडेतीन वर्षांची नात इथेच जन्मली. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, घागर यंदा आम्ही इथेच भरली. आता परतीला दहा दिवस उरले आहेत. विमान शनिवारी रात्री आठ वाजता आहे आणि त्या शेवटच्या दिवसावरून घरात आतापासूनच ओढाताण सुरू झाली आहे. मुलीला त्या दिवशी युनिव्हर्सल स्टुडिओला जायचे आहे. यजमानांना मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानातून खरेदी करायची आहे आणि विमानतळावरचा तो मोठा धबधबा पाहायचा आहे. मुलगा म्हणतो, सगळ्यांना बोटीतून फिरवून आणतो. आणि सासूबाई म्हणतात, मला कुठेही नेऊ नका, पणतीजवळ बसू द्या.

खरे सांगायचे तर मला भीती वेगळीच आहे. मुलाने इथल्या पीआरसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, अर्ज करण्याचे बोलून दाखवले आहे. यजमानांनी ठरवले आहे की शेवटच्या दिवशी जेवताना त्याला समोर बसवून विचारायचे, तू परत येणार की नाही आणि आपल्या पाच एकरांचे काय करायचे. ही आपली शेवटचीच खेप, असे सासूबाई रोज म्हणतात. मला विमानतळावर रडू आवरणार नाही. नात झोपलेली असतानाच आम्ही निघावे, असे सूनबाईला वाटते. शिवाय ती मला इथून सोन्याच्या बांगड्या करून देणार म्हणते. त्या घ्याव्यात की नाही, तेही कळत नाही. कोणाच्याही मनात काही राहू नये, असा तो दिवस कसा घालवावा, ते कृपया सांगावे.

एक आई

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात दिवस एक आहे आणि त्याच्यावर हक्क सांगणारे पाच जण आहेत. अशा वेळी प्रत्येकाला दोन-दोन तास वाटून देण्याचा मोह होतो, आणि तुमचा मुलगा बहुधा तशीच आखणी करील, कारण त्याला कोणालाच नाराज करायचे नाही. तसे केले तर त्या दिवशी तुम्ही सर्व जण दिवसभर रस्त्यावर असाल, सासूबाईंचे पाय सुजतील आणि संध्याकाळी विमानतळावर पोहोचताना घरातले प्रत्येक माणूस दुसऱ्यावर चिडलेले असेल. माझे मत स्पष्ट आहे. तो शनिवार सासूबाईंचा आणि तुमच्या मुलाचा आहे, आणि बाकीच्या सर्वांनी आपापल्या इच्छा आधीच्या नऊ दिवसांत पूर्ण करून घ्याव्यात. तुमची मुलगी पुन्हा सिंगापूरला जाऊ शकेल, तुम्ही दोघेही जाल. ७९ वर्षांच्या बाईंना ही शेवटची खेप वाटत असेल, तर त्यांच्या त्या वाटण्याला उगाच खोटे पाडत बसण्यापेक्षा त्याला जागा करून द्यावी. ‘असे काय बोलता, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ’ असे आपण प्रेमानेच म्हणतो. पण त्यामुळे त्यांना जे बोलायचे असते ते अर्ध्यावर तुटते, आणि पुढे तो विषय काढण्याचे धाडस त्या करत नाहीत.

मुलीची समजूत घालणे सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी सांगते. युनिव्हर्सल स्टुडिओ सेंटोसा बेटावर आहे आणि त्याला पूर्ण दिवस लागतो. शनिवारी तिथे स्थानिक कुटुंबांचीही गर्दी असते, त्यामुळे रांगांमध्येच दिवस जातो. येत्या मंगळवारी किंवा बुधवारी भाऊ-बहीण दोघांनाच तिकडे पाठवा. सहा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा ती शाळेत होती. दोघांना एकमेकांशी बोलायला असा अख्खा दिवस पुन्हा कधी मिळेल, हे सांगता येत नाही. यजमानांच्या धबधब्यासाठी वेगळा फेरा मारण्याची गरजच नाही. चांगी विमानतळाच्या पहिल्या टर्मिनलला लागून २०१९ मध्ये उघडलेली ज्वेल नावाची इमारत आहे. तिच्या काचेच्या छतातून सुमारे ४० मीटर उंचीवरून पाणी कोसळते आणि ते पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलहूनही तिथे आतल्या पुलावरून चालत जाता येते. शनिवारी विमानतळावर एक तास आधी पोहोचलात, तर सामान देऊन झाल्यावर त्यांचा धबधबा निवांत पाहून होईल. बोटीची फेरी मात्र रद्द करावी. ती मुलाने कोणाच्याही मागणीवरून ठरवलेली दिसत नाही. निरोपाच्या दिवशी हात रिकामे राहू नयेत म्हणून माणूस असे काही तरी योजतो.

खरेदीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तीत पैसे वाचतात आणि शेवटच्या दिवसाची धावपळही. सिंगापूरमध्ये वस्तूंवर ९ टक्के जीएसटी आहे. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाने या सवलतीत सहभागी असलेल्या दुकानातून किमान १०० सिंगापूर डॉलरची खरेदी केली आणि ती वस्तू दोन महिन्यांच्या आत देशाबाहेर नेली, तर हाताळणी शुल्क वजा करून तो कर परत मिळतो. पण खरेदीच्या वेळी दुकानात तुमचा स्वतःचा पासपोर्ट दाखवावा लागतो. तुमचा मुलगा तिथे नोकरीच्या पासवर राहतो, त्यामुळे त्याच्या नावावर केलेल्या खरेदीला ही सवलत नाही. प्रेमापोटी त्याने सगळी बिले आपल्या नावावर केली, तर ते पैसे गेले असे समजा. परताव्याची नोंद विमानतळावरच्या यंत्रावर करायची असते. जी वस्तू मोठ्या बॅगेत जाणार आहे तिची नोंद बॅग विमान कंपनीकडे सोपवण्याआधी करायची, कारण कस्टमचा अधिकारी ती वस्तू पाहायला मागू शकतो. म्हणून अशा वस्तू बॅगेत अगदी वर ठेवा. मुस्तफा रात्री उशिरापर्यंत उघडे असते, तेव्हा गुरुवारी जेवणानंतर यजमान आणि मुलगा दोघांनीच जाऊन यावे. त्या दोघांनीच, हे मी मुद्दाम म्हणते आहे.

कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तिथे आहे. परतीच्या दिवशी, निघायच्या आधीच्या जेवणावर, सगळ्यांच्या देखत, ‘तू येणार की नाही’ हा प्रश्न विचारू नका आणि यजमानांनाही विचारू देऊ नका. त्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या मुलाजवळ आज नसेल, आणि असले तरी ते एका वाक्यात बसणारे नसेल. शेजारी बायको बसली आहे, समोर आजी बसली आहे, बाहेर टॅक्सी यायची आहे, अशा वेळी तो एक तर वडिलांचे मन राखण्यासाठी ‘बघू, दोन-तीन वर्षांत येतो’ असे खोटे आश्वासन देईल, किंवा खरे बोलेल आणि तुम्ही पुढचा सगळा प्रवास त्या एका वाक्यावर काढाल. या दोन्हींपैकी काहीही झाले, तरी ते दुरुस्त करायला हाताशी वेळ उरलेला नसतो. मोठे बोलणे हे भेटीच्या मधल्या दिवसांत व्हावे. मग त्यानंतर एक-दोन दिवस घरात थोडा अबोला राहिला तरी चालतो, एकमेकांच्या हातचा चहा पिऊन तो हळूहळू विरतो, आणि शनिवार मोकळा राहतो. बाप-लेकांनी समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा बरोबर चालताना बोललेले बरे, म्हणून ती गुरुवारची रात्र. येताना वाटेत एखाद्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खाण्यापिण्याच्या ठिकाणी, कॉफी घ्यावी आणि तिथेच बोलावे. गुरुवारपर्यंत थांबवत नसेल, तर त्याहून आधी बोला. नंतर मात्र नको.

बोलण्याआधी यजमानांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात, कारण पत्रावरून असे दिसते की पीआर म्हणजे मुलगा कायमचा गेला आणि जमीनही गेली, अशी त्यांची समजूत झाली आहे. पीआर म्हणजे कायमस्वरूपी राहण्याची परवानगी. ते नागरिकत्व नव्हे. पीआर मिळाल्यावरही तुमचा मुलगा भारतीय नागरिकच राहतो आणि त्याचा भारतीय पासपोर्ट चालू राहतो. पुढे त्याने तिथले नागरिकत्व घेतले तर मात्र भारताचे नागरिकत्व संपते, कारण दोन्ही देशांच्या कायद्यांत दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. त्या पायरीला अजून अवकाश आहे आणि ती स्वतंत्रपणे बोलण्याची गोष्ट आहे. जमिनीचे म्हणाल, तर परदेशात राहणाऱ्या भारतीयाला आपल्याकडे शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसाहक्काने येणारी शेतजमीन मात्र त्याला मिळते आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचे नाव लागू शकते. म्हणजे ‘आत्ताच परत ये, नाही तर जमीन हातची जाईल’ अशी स्थिती नाही. तुमची जमीन वडिलोपार्जित आहे की यजमानांनी घेतलेली आहे, त्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. गावी गेल्यावर अमळनेरच्या एखाद्या जाणत्या वकिलाला कागद दाखवा.

आणि त्या पाच एकरांबद्दल आणखी एक बोलते. तुमच्या पत्रात जमिनीचा प्रश्न फक्त मुलाला विचारला जाणार आहे. कॉलेजात शिकणारी तुमची मुलगी त्याच टेबलावर बसलेली असेल. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, भाऊ सहा वर्षांपासून परदेशात असताना गावातली बोअर आटलेली, कापसाला भाव न मिळालेला, आजीला दवाखान्यात न्यावे लागलेले हे सगळे जिने घरात राहून पाहिले, तिला त्या जमिनीबद्दल काही म्हणायचे असू शकते. तिलाही विचारा. कदाचित यजमानांना जो धीर मुलाकडून हवा आहे, तो मुलीकडून मिळेल.

मुलाला काय विचारावे, हेही सांगते. ‘तू परत येणार का’ या प्रश्नाऐवजी, आई-वडील थकले तर काय करायचे, वर्षातून किती वेळा येणे जमेल, नातीला मराठी आणि आपली अहिराणी कोण शिकवणार, आजीला काही झाले तर तो किती तासांत पोहोचू शकतो, असे हात घालता येतील असे प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे त्याच्याजवळ आहेत. सिंगापूरहून मुंबईचा थेट प्रवास साडेपाच तासांच्या आसपासचा आहे. पुण्यात किंवा बंगळूरला नोकरी करणाऱ्या कितीतरी मुलांना सुट्टी मिळवून खान्देशातल्या आपल्या गावी पोहोचायला रात्रभर लागतो. अंतर कमी आहे असे मला म्हणायचे नाही. पण ते मोजता येण्याजोगे आहे, हे यजमानांच्या लक्षात आले तर त्यांच्या आवाजातली धार थोडी कमी होईल.

आता सासूबाई. त्यांना शनिवारी कुठेही नेऊ नका, हे ठरले. पण नुसते घरी बसवून ठेवणेही योग्य नाही. महिनाभरात इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत, ज्याला तिथे वॉइड डेक म्हणतात, संध्याकाळी बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांशी त्यांची ओळख झाली असेलच. भाषा येत नसली तरी त्या वयात ती अडत नाही. सकाळी ऊन चढण्याआधी त्यांना खाली नेऊन त्या सर्वांचा निरोप घेऊ द्या. दुपारचा स्वयंपाक त्यांच्या देखरेखीखाली होऊ द्या. तुम्ही जाताना नेलेले कळण्याचे पीठ अजून शिल्लक असेल, तर भाकरी त्यांनाच थापू द्या, हात थरथरले तरी. वांगे आपल्या भरताच्या वांग्यासारखे मिळणार नाही, म्हणून त्या ती तक्रार करतील, करू द्या. दुपारी मुलाला त्यांच्याजवळ सोडा आणि तुम्ही सर्व जण दुसऱ्या खोलीत जा. त्यांनी काय बोलावे हे आपण ठरवायचे नाही. मुलाला फक्त एवढे सांगा की फोन लांब ठेव, आणि आजी बोरी नदीच्या पुराची, दुष्काळाची, आजोबांची तीच तीच गोष्ट सांगू लागली तर ‘हे माहीत आहे’ असे म्हणू नकोस. त्याला हवे असेल तर त्याने त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा, मात्र त्यांना सांगून. पणतीला तेल लावून न्हाऊ घालायचे असेल तर तेही त्यांच्याच हातून होऊ द्या.

सूनबाईबद्दल तुम्ही पत्रात फार थोडे लिहिले आहे, आणि मला मात्र तिच्याबद्दल थांबून लिहायचे आहे. नोकरी सांभाळून, तिथल्या लहानशा फ्लॅटमध्ये, चार माणसांना तिने महिनाभर ठेवून घेतले आहे. तुम्ही गेल्यावर तिला एकाच वेळी मोकळे वाटेल आणि घर खायला उठेल, आणि यांतले पहिले वाटल्याबद्दल ती मनात स्वतःला दोष देईल. शुक्रवारी संध्याकाळी तिला एकटीला घेऊन अर्धा तास बाहेर जा आणि तिने काय काय केले, ते नावे घेऊन सांगा. सासूबाईंची पथ्ये तिने सांभाळली, रजा वाचवून ठेवल्या, मध्यरात्री औषधाच्या दुकानात गेली, असे जे तुम्ही डोळ्यांनी पाहिले असेल ते. ‘तू खूप केलंस’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे आखाजीला माहेरी आलेली लेक परत निघते, तेव्हा आई तिची पिशवी भरते. इथे पिशवी भरणारी सून आणि तिचा नवरा आहेत, आणि पाहुणे तुम्ही आहात. तेव्हा ती जे देईल ते ‘कशाला, कशाला’ न म्हणता घ्या. चॉकलेटचे डबे गावात कोणाकोणाला वाटायचे, त्याची यादी तिच्यासमोरच करा. तिला बरे वाटेल. उलट तुम्ही तिच्यासाठी जे करू शकता, ते शुक्रवारी करून ठेवा. बिबडे, पापड, काळा मसाला यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावा, चादरी धुवा, आणि शनिवारच्या रात्रीचे त्या तिघांचे जेवण करून फ्रीजमध्ये ठेवा. विमानतळावरून रिकाम्या घरी परतल्यावर त्या रात्री तिला चूल पेटवायला लावू नका.

नात झोपलेली असताना निघण्याच्या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. सूनबाईचा हेतू चांगला आहे, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलांची नजर चुकवून घराबाहेर पडण्याची रीतही आहे. पण साडेतीन वर्षांच्या मुलीला जाग आल्यावर चार माणसे एकदम नाहीशी झालेली दिसली, तर ती पुढे कित्येक दिवस झोपायला घाबरते आणि आईच्या पदराला धरून राहते. तिला बुधवारपासूनच सांगायला लागा की शनिवारी रात्री आजी-आजोबा विमानात बसून गावी जाणार आहेत. कॅलेंडरवर तिच्या हाताने खूण करू द्या, बॅगेत तिच्या हाताने एखादी वस्तू ठेवू द्या आणि तिला विमानतळावर सोबत न्या. ती रडेल. मोठ्याने रडेल. नंतर मात्र ती ज्वेलमधल्या पाण्याकडे बोट दाखवून काही तरी विचारील.

आणि ताई, तुमच्या रडण्याचे तुम्ही इतके मनावर घेऊ नका. रडू आले तर रडा. फक्त निरोपाची जागा आणि वेळ आधी ठरवून ठेवा. मुंबईत पोहोचवायला आलेल्या माणसांना टर्मिनलच्या दाराबाहेरच थांबावे लागते. चांगीला तसे नाही. प्रस्थानाच्या दालनात कोणालाही जाता येते आणि मुलगा-सून तुमच्यासोबत इमिग्रेशनच्या दारापर्यंत येऊ शकतात. ही सोय चांगली आहे, पण तिच्यामुळेच निरोप तासन्‌तास लांबतो आणि सर्वांना थकवतो. साडेपाचपर्यंत सर्वांनी एकत्र बसून चहा घ्यावा आणि त्यानंतर उठून सरळ आत जावे, असे मुलाशी ठरवून घ्या. आत जाताना सासूबाईंची चाकांची खुर्ची मुलाला दारापर्यंत ढकलू द्या. ती खुर्ची विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी सांगून ठेवावी लागते. मुंबईत उतरल्यावरही ती हवी, असे त्याच वेळी नोंदवा.

सामान शुक्रवारी रात्रीच बंद करून वजन करा. सासूबाईंची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक जाडसर शाल हातातल्या पिशवीत असावी. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती जवळच ठेवायची. आणि लोणच्याची, तेलाची बाटली जवळच्या पिशवीत चालत नाही, ती मोठ्या बॅगेत. सासूबाईंनी तिथल्या ऑर्किडचे एखादे रोप किंवा फांदी रुमालात गुंडाळून ठेवली असेल, तर ती प्रेमाने काढून घ्या, कारण परवान्याशिवाय रोपे आणि बियाणे भारतात आणता येत नाहीत. उरलेल्या डॉलरची चिंता नको; २००० अमेरिकी डॉलरच्या किमतीपर्यंत परकीय नोटा आपल्याजवळ ठेवता येतात.

मुंबईपासून पुढच्या प्रवासाकडे यजमानांनी लक्ष दिले पाहिजे. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे रात्री आठला निघालेले विमान आपल्या वेळेनुसार अकराच्या सुमारास उतरेल आणि बाहेर पडेपर्यंत साडेबारा वाजतील. त्याच रात्री गाडी करून कसारा घाट, मालेगाव, धुळे करत अमळनेर गाठण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्या. ऐन लगीनसराईत चालक आधीच जागरणे करून आलेला असतो, आणि सकाळी नऊनंतर रस्त्यावरचे ऊन तुमच्या सासूबाईंना झेपणारे नाही. त्या महिनाभर तिशीच्या आसपासच्या दमट हवेत राहिल्या आहेत आणि आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असेल. रविवारचा दिवस मुंबईत नातेवाइकाकडे विश्रांती घ्या आणि रात्रीच्या गाडीने निघा. अमळनेर सुरत–जळगाव मार्गावर आहे. वांद्र्याहून थेट गाडी त्या दिवशी असेल तर उत्तम, नसेल तर जळगावला पहाटे उतरून पुढे या. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होत असल्याने आता जागा मिळणे अवघड आहे. तत्काळचे तिकीट आदल्या दिवशी सकाळी दहाला, वातानुकूलित डब्यासाठी, उघडते आणि त्यासाठी आधारशी जोडलेले खाते लागते, म्हणून ते काम गावातल्या पुतण्याकडे किंवा भाच्याकडे सोपवा. शनिवारी दुपारी तुम्ही सिंगापूरमध्ये फोनवर ओटीपी शोधत बसू नये. सासूबाईंना खालचा बर्थ मागून घ्या, आणि घरी पोहोचल्यावर निदान आठ दिवस त्यांना दुपारी कोणाच्याही लग्नाला नेऊ नका.

राहिला बांगड्यांचा प्रश्न. दागिन्यांसाठी कस्टमची जी वेगळी सवलत आहे, ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. महिनाभर राहिलेल्या तुम्हाला ती लागू होत नाही, आणि आजच्या सोन्याच्या भावात दोन बांगड्यांची किंमत सर्वसाधारण सवलतीच्या पलीकडे सहज जाते. म्हणजे बिल जवळ ठेवून, मुंबईत लाल मार्गाने जाऊन, रीतसर शुल्क भरावे लागेल. अंगावर घालून हिरव्या मार्गाने निघून जा, असा सल्ला देणारे ओळखीचे लोक भेटतील. त्यांचे ऐकू नका. सूनबाईला सांगा की बांगड्या मला हव्या आहेत, नक्की हव्या आहेत, पण त्या जळगावच्या सराफ बाजारात तू आणि मी बरोबर जाऊन घडवू. आणि ती दिवाळीत येणार की पुढच्या आखाजीला, तेवढी तारीख तिच्याकडून शुक्रवारीच घेऊन ठेवा.